तुमी कोनाच्या?

गुणात्मक माहिती गोळा करायला शिकवणाऱ्या वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर एक नियम लिहितात: ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल असा प्रश्न विचारायचा नाही. नियम चांगला आहे, पण तो करणारा माणूस बाळापूरच्या बसस्टँडवर कधी उभा राहिलेला नसावा. तिथे 'अकोल्याची बस गेली का?' असं विचारून पाहावं. 'सकायची म्हन्ता का आताची? सकायची गेली. आताची याची हाय, पन थे शेगावहून येते अन् आज हाय गुरुवार. तुमाले घाई हाय काय? दवाखान्याचं काम अशीन तं काळीपिवळीनं जा. कोन भरती हाय?' एका बंद प्रश्नातून समोरचा तीन उघडे प्रश्न काढतो, आणि बस गेली की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, खारपाण पट्ट्यातलं पाणी आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी या विषयावर गावकऱ्यांशी बोलायला काही तरुण मंडळी बाळापूर तालुक्यात आली. बोलायला म्हणजे खरं तर बोलायला शिकायला. कोणी दाताचे डॉक्टर, कोणी समाजकार्याची पदवी घेतलेली, एकजण संख्याशास्त्रातला. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायला इथला माणूस हवा होता. माझी निवड दोन गुणांवर झाली: मला वऱ्हाडी येते आणि माझ्याकडे फटफटी आहे. कागदावर माझं पद 'स्थानिक समन्वयक' असं पडलं. गावात ते 'हे म्याडमसंगं फिरतेत थे' असं झालं.

विषय काही हसण्यावारी नेण्याचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पट्टा असा आहे की जमिनीखालचं पाणी खारं. सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं या खोऱ्यातली ९३२ गावं क्षारबाधित म्हणून धरली. बाळापूर तालुक्याचा पूर्णेकडचा भाग त्यातच मोडतो. विहीर खणली तर पाणी खारं, बोअर मारली तर आणखी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि दर घरात कोणीतरी मुतखड्याची कहाणी सांगायला तयार असतं. २०२३ साली इथल्या आमदारांनी याच पाण्याचा टँकर सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरची पायी वाट धरली होती.

पाण्यात क्षार किती हे यंत्र सांगतं. कितीजणांची मूत्रपिंडं बिघडली हे दवाखान्याचं रजिस्टर सांगतं, म्हणजे लिहिलेलं असेल तर. पण नळाला गोडं पाणी येतं त्या दिवशीही आजी हापशीचंच पाणी का पिते, विकतची क्यान घरात नक्की कोणासाठी येते आणि पोटात कळ आली की माणूस आधी कोणाचा उंबरा गाठतो, हे यंत्रात येत नाही. ते विचारावं लागतं. कसं विचारायचं, त्याचा हा वर्ग.

वर्ग भरला तालुक्याच्या गावीच. बाळापूर म्हणजे मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. एकीचा ठाव लागत नाही आणि दुसरी जागची हलत नाही. मुलाखती घ्यायला जाणाऱ्याला दोन्हींची सवय हवीच. गावात किल्ला आहे, किल्ल्याखाली बाळादेवीचं देऊळ आहे आणि नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. शिकवणाऱ्या बाई मुलाखतीचं तंत्र सांगत होत्या: घाई करू नका, समोरच्याचा मान राखा, त्याला बोलू द्या. मला राहून राहून मिर्झाराजांचीच आठवण येत होती. १६६५ साली पुरंदरच्या पायथ्याशी बसून समोरच्याचा मान राखत राखत त्यांनी २३ किल्ले काढून घेतले होते. गोड बोलून काय काय निघतं याचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर असावा. समोरचा शिवाजी असला तर पुढे सगळं परत द्यावं लागतं, हा भाग वेगळा.

सरावासाठी जोड्या पाडल्या. एकानं संशोधक व्हायचं, दुसऱ्यानं गावकरी. शहरी पोरं गावकरी झाली की फार शहाणी बोलतात. 'मला पाण्याच्या गुणवत्तेविषयी चिंता वाटते,' असं एक 'शेतकरी' आलुबोंडा खात म्हणाला. मग बाईंनी गावातल्या आशाताईला पुढे बोलावलं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं गावोगावी आशा स्वयंसेविका नेमायचं ठरवलं, तेव्हापासून सरकारचं प्रत्येक रजिस्टर शेवटी ज्यांच्या पिशवीत जाऊन पडतं त्यातली ही एक.

'ताई, तुम्ही गावातल्या एक बाई व्हा.'

'व्हायाचं काय त्यात? मी हावोच.'

'बरं. पाण्याबद्दलचा तुमचा अनुभव सांगाल का?'

आशाताईनं संशोधक मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, 'आदी बसा तं खरी. उभ्याउभ्या काय सांगू?' मुलगी बसली. 'पानी पेता काय?' मुलगी हो म्हणाली. वर्ग हसला, पण बाईंनी फळ्यावर पहिल्या नियमाच्याही वर लिहिलं: आधी बसा.

दुसरं तंत्र शांततेचं. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. उत्तर आलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. माणसाला शांतता सोसत नाही, तो ती भरतो, आणि भरताना जे बोलतो ते सोनं. हे ऐकायला सोपं आहे. दाताच्या डॉक्टरांची पंचाईत अशी की समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण बोलत राहायचं, ही त्यांच्या धंद्याची सवय. त्या चारपर्यंत मोजायच्या आणि 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की' म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकायच्या.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड: दुरुस्ती करायची नाही. शिकलेल्या माणसाला चूक ऐकून गप्प बसता येत नाही. पहिल्याच गावात पारावरच्या एका आबांनी मुतखड्याचे उपाय सांगायला घेतले. कुळथाचं पाणी झालं, पानफुटीची पानं झाली, आणि मग आवाज खाली आणून आबा म्हणाले, 'अन् सगळ्यात जालीम म्हंजे बीर. थंडी बीर. खडा धुऊन नेते.' डॉक्टरीणबाईंनी ओठ आत ओढून घेतले. आबा पुढे म्हणाले, 'मले मुतखडा नाई. पन झालाच तं घाबरत नाई मी.' यावर 'अजून सांगा ना आबा' एवढंच म्हणता येणं, ही डॉक्टरीणबाईंची पदवी परीक्षा होती. त्या पास झाल्या. आबांनी मग अजून सांगितलं, त्यात सोनोग्राफीचे पैसे कोणाकडून उसने घेतले आणि दोन वेळा तपासणी का टाळली तेही आलं. म्हणजे मुतखडा होता.

आता गावात शिरल्यावर काय होतं ते सांगतो, कारण हा भाग कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेला नाही. पुस्तक म्हणतं, संशोधक प्रश्न विचारतो आणि उत्तर देणारा उत्तर देतो. खारपाण पट्ट्यात उलटं आहे. आधी तुमची सखोल मुलाखत होते. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या एका आजीसमोर आमची मुलगी बसली, वही काढली, आणि आजीनं चष्म्यावरून पाहत सुरुवात केली.

'तुमी कोनाच्या?'

मुलीनं नाव सांगितलं. 'आडनाव?' आडनाव सांगितलं. 'म्हंजे तुमी...' आणि इथे आजी थांबली. तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. काही बोलली नाही. तीच ती वर्गातली शांतता, पण कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, सुपात हात घालून. मुलगी ती भरू लागली. जात आली, गाव आलं, वडिलांची नोकरी आली, पगार आला ('येवढासाच भेटते?'), लग्न का झालं नाही याचं एक कारण आलं. आजीनं पुन्हा खडा टाकला. तेव्हा दुसरं कारण आलं, आणि ते मला वाटतं मुलीनं घरीही सांगितलेलं नव्हतं. आजी म्हणाली, 'बरं हाय. इचार आता तुले काय इचाराचं थे.'

काही संशोधकांना याचा राग येतो, वेळ गेला असं वाटतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. जो माणूस आपल्याबद्दल एक शब्द सांगत नाही त्याला आपल्या लघवीचा रंग का म्हणून सांगावा? आजीचा सौदा चोख होता. तिनं माप घेतलं आणि मग तेवढंच माप भरून दिलं.

संमतीपत्राची तऱ्हा निराळी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वं आहेत. त्यांप्रमाणे माणसाला सगळं समजावून सांगून त्याची संमती घ्यायची, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार ठेवून अंगठा घ्यायचा. तत्त्व म्हणून यात खोट काढायला जागा नाही. पण वऱ्हाडात आजवर ज्यानं ज्यानं सही घेतली त्यानं मागून काहीतरी नेलंच आहे. त्यामुळे पेन निघालं की पारावरची अर्धी माणसं उठतात. उरलेली विचारतात, 'सही कायले? बोलतो तं हाव.' 'तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही मुलाखत मध्येच थांबवू शकता,' असं आमच्या मुलानं एका काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, 'मंग सुरूच कायले करता?'

सगळ्यांत मोठा भडका उडाला तो 'तुमचं नाव कुठेही येणार नाही' या वाक्यावर. हे वाक्य माणसाला निर्धास्त करण्यासाठी आहे. काकांना तो अपमान वाटला. 'नाव काहून नाई येनार? घंटाभर मी सांगू, अन् नाव तुमचं येईन?' नीतितत्त्वांच्या समितीत काकांचा एक माणूस असायला हवा होता. शेवटी त्यांना समजावलं की नावाऐवजी एक क्रमांक मिळेल. त्यांनी क्रमांक विचारून घेतला आणि तो शेजाऱ्यापेक्षा आधीचा आहे हे पाहून सही केली.

गटचर्चेबद्दल पुस्तक म्हणतं, सहा ते दहा माणसं असावीत, एकसारख्या परिस्थितीतली, गोल बसलेली. समाजमंदिरात आम्ही आठ बायकांना बोलावलं. आठ आल्या. मग त्यांच्या जावा आल्या, जावांची पोरं आली, पोरांमागे एक बकरी आली, आणि दारात सरपंचबाईंचे यजमान येऊन उभे राहिले. बायकांना विचारलं, पाणी कोण आणतं? दारातून उत्तर आलं, 'आमच्या गावात पाण्याची काहीच समस्या नाही.' बायका पदरात तोंड घालून हसल्या, आणि त्यानंतर एकीनंही तोंड उघडलं नाही.

इथे बाईंनी जे केलं ते मी पुढे ग्रामपंचायतीच्या राजकारणातही उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवलं आहे. त्या उठून यजमानांकडे गेल्या आणि अदबीनं म्हणाल्या, 'भाऊ, तुमच्यासारख्या जाणकारांची मुलाखत आम्ही स्वतंत्र घेतो. त्याला वेगळी खोली लागते.' संख्याशास्त्रवाल्या मुलाला त्यांच्याबरोबर पंचायतीच्या कार्यालयात धाडलं. तिथे यजमान दीड तास बोलले, फार खूश झाले, आणि मुलाकडे गावच्या विकासकामांची तारीखवार यादी जमली. इकडे दार लावून घेतल्यावर समाजमंदिरात असा गलका झाला की रेकॉर्डर कोणापुढे धरावा ते कळेना.

मला त्या गलक्यात गाडगेबाबा आठवले. ते आमच्याच मुलखातले, अंजनगावसुर्जीजवळच्या शेणगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे हजारोंची गटचर्चाच असायची: बाबा प्रश्न टाकायचे, लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. फक्त बाबांचा प्रत्येक प्रश्न असा की त्याला एकच उत्तर संभवावं. आमच्या वर्गात त्यांना नापास केलं असतं. उत्तर सुचवणारा प्रश्न सक्त मना आहे.

त्याहून जुना माणूस मात्र अव्वल नंबरानं पास झाला असता. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. हा गृहस्थ मुळात पंडित. चक्रधरस्वामींकडे आला तो वादात हरवायला. स्वामी गेल्यावर तोच गावोगाव फिरला, स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून त्यानं आठवणी विचारल्या, लिहून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला तर दोन्ही ठेवले. आपल्या पदरची दुरुस्ती केली नाही. वाद घालायला आलेला विद्वान ऐकून घेणारा झाला आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ निघाला. प्रवासभत्त्याची सोय होती की नाही माहीत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. त्यांनी सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी म्हाइंभटांच्या नावानं एक अभ्यासक्रम काढायला हरकत नाही.

आरोग्यवाल्यांचा स्वतःचा कुलपुरुष म्हणजे डॉ. जॉन स्नो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला तेव्हा त्यानं ब्रॉड स्ट्रीटच्या हापशावर बोट ठेवलं. त्याचा नकाशा सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्यातली मला आवडते ती गोष्ट नकाशाबाहेरची. हॅम्पस्टेडला, म्हणजे सोहोपासून चांगली लांब राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेली. तिच्या भागात कॉलरा नव्हता. मुलाला विचारल्यावर कळलं, आईला त्या हापशाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीतून एक बाटली यायची. बाईंनी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची आशाताई म्हणाली, 'मंग? आमची बुढी तेच म्हन्ते ना. गोड्या पान्याले चवच नाई म्हन्ते. फिक्कं लागते म्हन्ते. नयाचं पानी भांडे घासाले अन् हापशीचं पेवाले.' दीडशेहून अधिक वर्षं आणि अर्धी पृथ्वी मध्ये असून दोन म्हाताऱ्यांचं एकमत झालं. मोजमापाच्या फॉर्मवर 'पाण्याचा स्रोत: नळ' असं लिहून आलेल्या घरातली ही बुढी.

चिठ्ठ्यांचा खेळ सगळ्यांना आवडला. आधी बायकांना त्यांना माहीत असलेले आजार सांगायला लावायचे. एकेक आजार एकेका चिठ्ठीवर, वाचता येत नसेल तर चित्र. मग चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवून म्हणायचं, तुम्हाला जे एकत्र ठेवावेसे वाटतील त्यांचे ढीग करा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी वर्धा जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची कारणं गावकऱ्यांकडून समजून घेताना हीच रीत वापरली होती. आमच्या संख्याशास्त्रवाल्या मुलाची अपेक्षा अशी की पोटाचे आजार एका बाजूला पडतील, तापाचे दुसऱ्या. एका मधल्या वयाच्या बाईनं झरझर तीन ढीग केले आणि हात झटकले. मुलाला काही मेळ लागेना. पहिल्या ढिगात ताप, मुतखडा, कंबरदुखी. दुसऱ्यात उलट्या, चक्कर, अंगावरून जास्त जाणं. तिसऱ्यात लघवीची जळजळ, पांढरं जाणं, खाज.

'हे असं कसं लावलं, काकू?'

'हे नवऱ्याले सांगाचे. हे सासूले सांगाचे. अन् हे कोनालेच नाई.'

तिसरा ढीग सगळ्यांत जाड होता. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जे छापलं ते हेच: शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम ८. त्या काकूंनी 'लॅन्सेट' वाचलेलं नव्हतं. मुलानं तिच्या ढिगांचा फोटो काढला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मनात दहापर्यंत मोजत होता की कसं, ते कळलं नाही.

पण खरा माल मिळाला तो रेकॉर्डर बंद असताना, वावरात. वेचणीच्या दिवसांत घरी बाई सापडत नाही, म्हणून मुली पऱ्हाटीत गेल्या. तिथे उभं राहून प्रश्न विचारायची सोय नाही. मजुरी किलोवर, बोलण्यात हात थांबला की पैसे थांबले. मग डॉक्टरीणबाईंच्याही कमरेला एक फडकं बांधलं गेलं. बोंडातून कापूस ओढताना सुकलेला पाला त्याला चिकटून येऊ द्यायचा नाही, नाहीतर मालक ओरडतो. आणि बोंडाची टोकं नखाच्या कडेला अशी लागतात की संध्याकाळी भाकरीचा घास धरवत नाही. तास-दीड तासात डॉक्टरीणबाईंच्या झोळीत जे जमलं त्यात निम्मा पालाच होता. शेजारच्या ओळीतली बाई ते बघून आधी पोट धरून हसली आणि मग सहज बोलू लागली.

तिच्या बांधावर दोन लिटरची पाण्याची बाटली होती. फिल्टरचं, गोडं पाणी. दुपार टळली तरी बाटली भरलेलीच. डॉक्टरीणबाईंनी फक्त बाटलीकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही. (शिकल्या होत्या.) ती बाईच म्हणाली, 'पानी पेलं की जा लागते. जायाचं कुठी? हे पाय, चहूकडं सपाट. आडोशाले एक झाड नाई. तिकडं गडी मानसं फवारू रायले. म्हून सकायपासून घोटभरच पेतो आमी. घरी गेल्यावर पेतो.' बाकीच्या ओळींतल्या बायकांनी माना हलवल्या.

आमच्या प्रश्नावलीत पाणी कुठलं, किती लांबचं, किती खारं, कशात साठवता, कितीला घेता, हे सगळं होतं. दिवसभर पिता तरी का, हे नव्हतं. गोडं पाणी विकत घेऊन वावरात नेऊन परत आणणाऱ्या बायकांच्या लघवीच्या जळजळीला खारपाण पट्टा एकटा कसा जबाबदार?

रेकॉर्डर नव्हता, सही नव्हती. बाईंनी सांगितलं, हे असंच लिहायचं नाही, आधी परत जाऊन विचारा. दुसऱ्या दिवशी मुली परवानगी मागायला पुन्हा त्याच वावरात. ती बाई म्हणाली, 'लिव ना माय. नाई लिवलं तं कालचा तुहा रोज कायचा पडला?'

पुढचं काम कंटाळ्याचं आणि त्याबद्दल फार लिहीत नाही. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात. त्यात पिठाची गिरणी, ट्रॅक्टरवरचं गाणं आणि हळदीचा डीजे असेल तर जास्तच. यंत्राकडून उतरवून घ्यायचा प्रयत्न झाला; त्यानं आबांची वऱ्हाडी ऐकून हात टेकले. नियम असा की शांतताही लिहायची आणि हसणंही. त्यामुळे समाजमंदिरातल्या चर्चेच्या पानांवर '(सगळ्या हसतात)', '(शांतता, चार सेकंद)' आणि एके ठिकाणी '(बकरी)' असं आहे. मग त्या पानांवर रंगीत खुणा, खुणांचे गट, गटांचे विषय. तेच तेच ऐकू येऊ लागलं, नवीन काही निघेना, की मुलाखती थांबवायच्या असंही शास्त्र आहे. पारावरचे आबा मात्र अजून थांबायला तयार नव्हते.

मंडळी आपापल्या गावी गेली. अहवाल कुठवर पोचला ते मला विचारू नका. पण आशाताई वर्गात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बसली होती, आणि उन्हाळा लागायच्या आत पाणीटंचाईची आढावा बैठक भरली तेव्हा ती आपली जुनी वही घेऊन पहिल्या रांगेत होती. मी मागे उभा होतो. साहेबांनी कागदावर पाहून वाचलं, 'या भागातला पाणीपुरवठा सुरळीत आहे.' पुढचा कागद उलटणार एवढ्यात आशाताई उठली.

'सुरळीत म्हंजे कसं, साहेब?'

'म्हणजे नियमित.'

'बरं. मांगच्या येळचं सांगा ना. आमच्या गावात पानी कवा आलतं?'

साहेबांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं पंख्याकडे पाहिलं. आशाताई काही बोलली नाही. खाली बसली, वही उघडली आणि तुरीतले खडे काढणाऱ्या आजीइतक्या सवडीनं साहेबांकडे पाहत राहिली. बाळापूर तालुक्याच्या सभागृहात इतकी माणसं असून इतकी शांतता मी याआधी ऐकलेली नाही. साहेबांना ती सोसवेना. मग पाइपलाइन फुटल्याचं निघालं. दुरुस्तीचा कंत्राटदार बदलल्याचं निघालं. त्याच्या आधीचं बिल थकल्याचं, आणि ते नेमकं कोणाच्या टेबलावर थांबलंय तेही निघालं. 'अजून सांगा ना,' आशाताई मधून मधून म्हणत होती. साहेबांनी अजून सांगितलं. तिचं पान भरलं, तिनं ते उलटलं, तेव्हा कुठे साहेबांचं तिच्या पेनाकडे लक्ष गेलं.

'ताई, हे तुम्ही काय लिहून घेताय?'

'काई नाई, साहेब. तुमचं नाव कुठीच येनार नाई.'